तीन बाय चार की चार बाय तीन?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोळ नको. जुळे सोलापुरात तुमचे घर. गच्चीवर पत्र्याची गोल टाकी आहे, व्यास ३ फूट, उंची ४ फूट. तिचा तळ गंजून गेला म्हणून नवी स्टीलची करायची आहे. फॅब्रिकेशनवाल्याने सुचवले, ‘४ फूट व्यास आणि ३ फूट उंच करू. पाणी तेवढंच बसतंय, आकडे तेच आहेत की.’ भाव मात्र जुन्या मापापेक्षा पाचवा हिस्सा जास्त सांगितला. पाणी तेवढेच असेल तर जास्तीचे पैसे कशाचे, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा तुमच्या दहावीतल्या मुलीचा. वृत्तचितीची, म्हणजे गोल टाकीसारख्या आकाराची, त्रिज्या दुप्पट केली आणि उंची निम्मी केली तर घनफळ किती पट होते? घरात सगळ्यांनी ‘तेवढेच’ म्हटले आणि पुस्तकातले उत्तर वेगळे निघाले.

दोन्ही प्रश्नांत चूक एकच आहे, आणि ती मी स्वतः एकदा चांगली महागात केली आहे. तो किस्सा पुढे येईल. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीसेक वर्षे पत्रा वळतोय. रंगाईच्या टाक्या, ज्वारीच्या कोठ्या, पाण्याची पिंपे, जे गोल असेल ते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी निकाल सांगून टाकतो. नव्या टाकीत पाणी तेवढेच नाही, एक तृतीयांश जास्त मावते. म्हणजे तो माणूस पाण्याबाबत चुकीचे बोलला, पण भाव त्याने बरोबर लावला. आमच्या धंद्यात असे पुष्कळ आहेत. हाताला हिशेब कळतो, तोंडाला सांगता येत नाही.

आता हे कसे ते बघा. गोल टाकीत किती मावते हे काढताना उंची एकदाच मोजली जाते, व्यास मात्र दोनदा. कारण तळ हा लांबीही आहे आणि रुंदीही. व्यास वाढला की तळ दोन्ही बाजूंनी पसरतो. म्हणून व्यासाला व्यासाने गुणायचे आणि मग उंचीने. जुनी टाकी: ३ गुणिले ३ गुणिले ४, म्हणजे ३६. नवी: ४ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे ४८. छत्तीसास अठ्ठेचाळीस, म्हणजे तिनास चार. दोन टाक्यांची नुसती तुलना करायची असेल तर इथेच थांबायचे. पाय (π, म्हणजे ३.१४) घ्यायला नको, त्रिज्या काढायला नको, लिटरही नको. दोन्हीकडे जे सारखे आहे ते आपोआप उडून जाते. लोक आधी सूत्र लिहितात, ३.१४ ने गुणत बसतात, मध्येच एक शून्य सांडतात आणि मग दोन मोठे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघतात. तुलनेला एवढा खटाटोप लागत नाही.

लिटर हवे असतील तर एक आकडा पाठ करून ठेवा: २२.२४. व्यास फुटात, उंची फुटात, वरचा गुणाकार करा आणि त्याला २२.२४ ने गुणा. आले लिटर. हा आकडा कुठून आला म्हणाल, तर एका घनफुटात २८.३२ लिटर पाणी मावते आणि चौकोनात बसवलेले वर्तुळ त्या चौकोनाच्या ७८.५४ टक्के असते. त्या दोघांचा गुणाकार. तुमची जुनी टाकी ३६ गुणिले २२.२४, म्हणजे ८०० लिटर. नवी ४८ गुणिले २२.२४, म्हणजे १०६७ लिटर. मीटरमध्ये मोजत असाल तर २२.२४ च्या जागी ७८५ घ्या. इंचात मोजत असाल तर तोच गुणाकार करून ७८ ने भागा. इंचाचे गणित बॅरलला बरे पडते. बाजारात मिळते ते ‘२०० लिटरचे’ लोखंडी बॅरल आतून साधारण साडेबावीस इंच व्यासाचे आणि साडेतेहेतीस इंच उंच असते. हिशेब केलात तर काठोकाठ २१७ च्या आसपास येईल. म्हणजे २०० चे बॅरल म्हणून घेतले तर फसवणूक नाही, उलट वर थोडी जागा मोकळी सोडलेली आहे.

आता पैशाचे. इथे मला तुमचा प्रश्न खरेच आवडला, कारण ३ आणि ४ ची अदलाबदल केली की एक गंमत होते. टाकीच्या उभ्या भिंतीला लागणारा पत्रा म्हणजे घेर गुणिले उंची. घेर व्यासाच्या ३.१४ पट. तेव्हा जुनीला ३.१४ गुणिले ३ गुणिले ४, नवीला ३.१४ गुणिले ४ गुणिले ३. दोन्हीकडे ३७.७ चौरस फूट. भिंतीचा पत्रा तसूभरही इकडे-तिकडे नाही! तुमच्या माणसाच्या डोक्यात बहुतेक हेच होते. पत्रा तेवढाच लागतो हे त्याला सवयीने माहीत, आणि पत्रा तेवढाच म्हणजे पाणी तेवढेच असे त्याने धरून टाकले.

पण टाकीला तळ आणि झाकणही लागते. ३ फुटी चकतीला ७ चौरस फूट पत्रा, ४ फुटीला साडेबारा. भिंत, तळ आणि झाकण मिळून जुन्या मापाला एकूण ५१.८ चौरस फूट, नव्याला ६२.८. म्हणजे पत्रा २१ टक्के जास्त. त्याने पाचवा हिस्सा वाढवला, तो इथून आला. पत्रा २१ टक्के वाढला आणि पाणी ३३ टक्के वाढले, म्हणजे लिटरमागे तुम्हाला टाकी स्वस्तच पडते. खरे तर चकती कापताना कोपरे वाया जातात, ते धरले तर त्याने तुमच्याकडून थोडे कमीच घेतले.

पत्रा तोच आणि माल वेगळा, हे लोकांना पटता पटत नाही. त्यासाठी मी दुकानात एक ८ बाय ४ ची शीट दाखवतो. ती ८ फुटाच्या बाजूने वळवली तर घेर ८ फूट, उंची ४ फूट. मावते ५७७ लिटर. तीच शीट ४ फुटाच्या बाजूने वळवली तर घेर ४, उंची ८. मावते २८८ लिटर. बरोब्बर निम्मे! दुसरी नळकांडी माणसाच्या डोक्याच्या वर जाते, बघणाऱ्याला ती मोठी वाटते आणि तिच्यात पाणी निम्मे असते. नियम साधा आहे. शीटच्या दोन बाजूंचे जे प्रमाण, तेच दोन नळकांड्यांतल्या मालाचे प्रमाण. गॅलिलिओने हीच गोष्ट १६३८ साली छापून आलेल्या पुस्तकात मांडली आहे, तीही धान्याच्या पोत्याच्या उदाहरणाने. एकाच कापडाची दोन पोती, बुटक्या आणि रुंद पोत्यात धान्य जास्त.

मुलीला घरी करून दाखवायचे तर सोलापुरात शीट कशाला हवी? चादर घ्या. ५ फूट बाय साडेसात फूट धरा. लांबीकडून गोल करून उभी धरलीत तर आत ६३४ लिटरची जागा, रुंदीकडून केलीत तर ४२२ लिटरची. दीडपट फरक, कारण चादरीची लांबी रुंदीच्या दीडपट. चादर उभी राहत नाही, तेव्हा चार माणसे धरायला लागतील. नाहीतर वहीचे पान आणि शेंगदाणे घेऊन करा, तेही चालते. आमचे आजोबा कणगीला, म्हणजे धान्याच्या गोल कोठीला, तट्ट्या (बांबूच्या चटया) घेताना त्या आडव्याच वळायच्या असे सांगत. त्यांना गॅलिलिओ माहीत नव्हता, पण माळावरची सगळी ज्वारी त्या तट्ट्यांतच बसवायची होती.

चला, परत टाकीकडे. १०६७ लिटर हा आकडा कागदावरचा. नळाला त्यातले सगळे येत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपाचे तोंड तळापासून दोनेक इंच वर ठेवावे लागते, नाहीतर गाळ नळात येतो. वरचा ओव्हरफ्लो काठापासून चारेक इंच खाली. म्हणजे सहा इंच कामातून गेले. उंच टाकीला सहा इंच फारसे जाणवत नाहीत, बुटकीला जाणवतात. नव्या टाकीत एका इंचाला साधारण ३० लिटर पाणी आहे, तेव्हा सहा इंचाला १७८ लिटर गेले. जुन्या मापात इंचाला १७ लिटरही नाहीत, तिथे १०० गेले. हाती उरले ८९० आणि ७००. एक तृतीयांशाचा फायदा पाव हिश्श्यावर आला. टाकी बनवायला देताना म्हणून पाइपाच्या सॉकेटची जागा तुम्ही सांगा. बुटक्या टाकीत ओव्हरफ्लो दोन इंच वर घेतला तरी ६० लिटर परत मिळतात. अर्थात फ्लोटचा गोळा वर येऊन थांबायला जागा हवी, हे विसरू नका.

वजनाचेही बघा, कारण याबाबत लोक उलटे समजतात. रुंद टाकीत पाणी जास्त म्हणून एकूण वजन जास्त, १०६७ किलो आणि वर टाकीचे. पण तळाच्या दर चौरस फुटावर किती भार पडतो हे फक्त पाण्याच्या उंचीवर ठरते. एक फूट पाणी म्हणजे चौरस फुटाला २८ किलो. तेव्हा ४ फुटी उंचीला ११३ किलो, ३ फुटीला ८५. बुटकी टाकी स्लॅबला बोचत कमी, पण लादते जास्त. आणि ८५ हाही काही थोडा आकडा नाही. लोकांनी वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो, म्हणजे चौरस फुटाला १४ च. त्यामुळे टाकी कुठलीही असो, स्लॅबच्या पोटावर ठेवू नका. खाली कॉलम किंवा बीम आहे अशा जागी, दोन आडव्या गर्डरवर ठेवा. जुनी होती त्याच कट्ट्यावर नवी ठेवणार असाल तर कट्टा ३ फुटीच असेल. ४ फुटी टाकी त्यावर चारही बाजूंनी सहा-सहा इंच बाहेर येईल आणि तिचा तळ वाकेल. हे मी दोनदा बघितले आहे. कट्टा आधी वाढवून घ्या.

आता माझा किस्सा. धंद्यात पडून चार-पाच वर्षे झाली होती. सूत रंगवणाऱ्या एका कारखानदाराकडे अडीच फूट व्यासाची, ३ फूट उंचीची टाकी होती. ४१७ लिटरची. त्यात ते चाळीस किलो सुताच्या लडी रंगवत, किलोला दहा लिटर पाणी या हिशेबाने. काम वाढले तेव्हा म्हणाले, ‘उंची तेवढीच ठेव, माल डबल बसला पाहिजे.’ मी डबल ऐकले आणि व्यास डबल केला. ५ फूट. टाकी टेम्पोतून उतरवली तेव्हा तिथला म्हातारा रंगारी तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटला. त्याच्या पोराने मराठीत सांगितले, ‘ते म्हणतायत, पोहायला बरी आहे.’

व्यास दुप्पट म्हणजे तळ चौपट. ५ गुणिले ५ गुणिले ३, गुणिले २२.२४: १६६८ लिटर. त्यांना हवी होती ८३४ लिटरची. तुम्ही म्हणाल, मोठी झाली तर झाली, अर्धी भरायची. घरच्या पाण्याला ते चालले असते, रंगाईला चालत नाही. ऐंशी किलो सुताला ८०० लिटर पाणी त्या टाकीत ओतले तर जेमतेम सतरा इंच उभे राहते. लडी दांडीला टांगून पाण्यात सोडायच्या असतात, त्या सतरा इंचात बुडतच नाहीत. बुडवायच्या तर पाणी दुप्पट, आणि पाणी दुप्पट म्हणजे ते तापवायला वाफ दुप्पट, लिटरच्या हिशेबाने पडणारे मीठ दुप्पट. टाकी मला परत आणावी लागली. पत्रा कापून त्याच्या दोन लहान टाक्या केल्या, त्याची मजुरी घरची गेली.

उंची तीच ठेवून दुप्पट मावायला हवे असेल तर व्यासाला २ ने नाही, १.४१ ने गुणायचे. अडीच फुटाचे ३ फूट साडेसहा इंच झाले असते, संपला विषय. दीडपट हवे असेल तर १.२२, तिप्पट हवे तर १.७३. हे तीन आकडे तेव्हापासून माझ्या दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असतात. रंग दिला की परत लिहितो. आणि टाकीचा आकार तसाच ठेवून, म्हणजे व्यास आणि उंची दोन्ही त्याच पटीत वाढवून दुप्पट करायची असेल तर फक्त १.२६ पट. माणसाला हे फार थोडे वाटते. ३ फुटी टाकी पावणेचार फूट झाली आणि आत दुप्पट पाणी, यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. ‘लई लहान दिसतीय,’ म्हणतात. मग भरून दाखवावी लागते.

मुलीसाठी यातलेच सोपे रूप म्हणजे भाकरी. सारख्याच जाडीच्या भाकऱ्या, एक दहा इंची आणि दुसऱ्या दोन सात-सात इंची. पीठ कुठे जास्त? दहा गुणिले दहा शंभर. सात गुणिले सात एकोणपन्नास, दोन मिळून अठ्ठ्याण्णव. एका मोठ्या कडक भाकरीत दोन लहान भाकऱ्या बसतात. भाकरी म्हणजे फार बुटकी वृत्तचितीच की. त्रिज्या दुप्पट झाली तर तळ चौपट, उंची निम्मी झाली तर त्याचे निम्मे, चारचे निम्मे दोन. घनफळ दुप्पट. पुस्तक बरोबर आहे, घरचे सगळे चूक. परीक्षेत तिने अशा गणिताला पाय लिहू नये असे मी म्हणणार नाही, मार्क पायऱ्यांना असतात. पण उत्तर आधी मनात काढून ठेवले की शेवटी तपासता येते.

तिने असेही विचारले आहे की २२/७ घ्यायचे की ३.१४. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दोन्ही प्रकार दिले आहेत: सूक्ष्म हवे तर ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहाराला २२ भागिले ७. टाकी हा व्यवहारच आहे. तुमच्या १०६७ लिटरच्या टाकीत या दोन्हींमुळे एका लिटराचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो टेप कसा लावला त्याने. व्यासाची चूक उत्तरात दुप्पट होऊन येते, हे लक्षात ठेवा. टेप वर्तुळाच्या मध्यातून गेला नाही आणि ३६ च्या जागी ३४ इंच वाचले, तर दोनच इंचांची चूक, पण पाणी ११ टक्के कमी दाखवेल. म्हणून टेपचे एक टोक काठावर दाबून धरायचे आणि दुसरे समोरच्या काठावरून इकडे-तिकडे फिरवायचे. सगळ्यात मोठे माप येईल तो व्यास. टाकी भरलेली असेल, झाकण बसवलेले असेल, तर बाहेरून दोरी गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. मला तर घेरच जास्त भरवशाचा वाटतो, कारण टाकी थोडी चेपून लंबगोल झाली असली तरी घेर सरासरी धरून देतो. प्लॅस्टिकच्या काळ्या टाक्यांना बाहेरून कडी असतात आणि वरचा भाग निमुळता होतो, तिथे हे सूत्र अंदाजच देईल. त्यांच्यावर छापलेले लिटर धरून चाला.

हेच सगळे विहिरीला लागू आहे आणि तिथे भांडणे मोठी होतात. मोहोळकडच्या एका गावात दोन भावांच्या वाटण्या चालल्या होत्या, मी कोठी पोचवायला गेलो होतो. दोन विहिरी. एक २० फूट व्यासाची, तिच्यात १८ फूट पाणी. दुसरी ३० फूट व्यासाची, पाणी ९ फूट. थोरला अडून बसलेला, ‘मला खोल विहीरच पाहिजे, तिच्यात डबल पाणी आहे.’ मी तिथेच काडीने मातीत मांडून दाखवले. २० गुणिले २० गुणिले १८, बहात्तरशे. ३० गुणिले ३० गुणिले ९, एक्याऐंशीशे. लिटरमध्ये एक लाख साठ हजार आणि एक लाख ऐंशी हजार. उथळ विहिरीत वीस हजार लिटर जास्त. थोरला गप्प झाला, धाकटा हसायला लागला. तेव्हा बसलेल्या एका म्हाताऱ्याने दोघांनाही झापले: ‘आज उभं हाय त्ये मोजून काय करता, झरा कुणाला हाय त्ये बघा की.’ त्याचे बरोबर होते. मोटर लावून दोन्ही विहिरी उपसा, आणि रात्रीत कुठली किती भरते ते मोजा, असे शेवटी ठरले. माझे गणित चूक नव्हते, पण त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता. भरून आलेले पाणी मोजायलाही मात्र सूत्र हेच लागले. रुंद विहिरीत एक फूट चढले तर ते २० हजार लिटर, अरुंद विहिरीत एक फूट म्हणजे ८,९०० च. नुसते ‘माझी दोन फूट चढली, तुझी एकच’ असे म्हणून भागत नाही.

उभ्या टाकीचे हे बरे असते की प्रत्येक इंचाला पाणी सारखे. आडवी ठेवली की ते गेले. टँकरसारखी गोल टाकी आडवी असेल तर निम्म्या उंचीला निम्मे पाणी असते, इथवर ठीक. पण पाव उंचीला पाव नसते, साडेएकोणीस टक्केच असते. दहा हजार लिटरच्या आडव्या टाकीत काठी घालून पाव उंची ओली झाली, तर अडीच हजार नाही, १९५५ लिटर. म्हणून डिझेलच्या आडव्या टाकीच्या मापपट्टीवर खुणा मध्ये जवळजवळ आणि दोन्ही टोकांना लांबलांब असतात. धरणाचे तर विचारूच नका. तिथे वरच्या एका फुटात जे पाणी असते ते तळातल्या एका फुटात नसते, कारण काठ उताराचे आहेत. पेपरात पाणीपातळी वाचून टाकीसारखा हिशेब करणारे आमच्या कट्ट्यावर रोज भेटतात.

नळाच्या पाइपाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलेत, म्हणून तेवढे सांगतो. अर्धा इंची पाइप काढून एक इंची टाकला तर पाइपाचे तोंड चौपट होते, दुप्पट नाही. प्रत्यक्षात पाणी त्याहून जास्त, साधारण सहापट वाहते, कारण रुंद पाइपात घासणे कमी. तेव्हा टाकीपासून खालीपर्यंत मोठा पाइप आणा आणि नळापाशीच लहान करा. टाकीची उंची एक फूट कमी झाल्याने धार मंदावेल ही तुमची भीती मात्र सोडून द्या. धार गच्चीच्या उंचीने येते.

आता खरे सांगू? तुमच्या घरात पाच माणसे. शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचा इंजिनिअर लोकांचा शिरस्ता आहे. पाच जणांना ६७५ लिटर. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येते? चार दिवसांचे साठवायचे म्हटले तर २,७०० लिटर हवे. सोलापूरकर १३५ लिटर वापरत नाही, निम्म्यात भागवतो, तरी दोन्हींपैकी कुठलीही टाकी चार दिवस पुरत नाही. ज्या १९० लिटरसाठी आपण एवढा हिशेब मांडला ते म्हणजे १३५ च्या हिशेबाने एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. खाली हौद असेल तर वरच्या टाकीने रोजचे रोज चालवता येईल. हौद नसेल तर आधी तो करा. ५ फूट लांब, ५ फूट रुंद, ५ फूट खोल केलात तर ३,५४० लिटर. तो चौकोनीच करा. त्याच जागेत गोल केलात तर २१ टक्के पाणी कोपऱ्यांबरोबर जाईल. पत्र्याला गोल आकार बरा, कारण पाणी त्याला चहूबाजूंनी सारखे ताणते. जमिनीत बांधलेल्या हौदाला तो फायदा फारसा नाही.

हौद असेल तर ४ बाय ३ ची टाकी करायला माझी हरकत नाही. त्याच्या भावात घासाघीस करू नका, त्याऐवजी तळाचा पत्रा एक गेज जाड मागा. तुमची जुनी टाकी तळालाच गेली होती ना.

आणि ऑर्डर देण्याआधी एक माप घ्या, जे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही. जिन्याचे आणि गच्चीच्या दाराचे. ३ बाय ४ ची टाकी उभी नेली तर तिला वळणावर ३ फूट जागा पुरते. ४ बाय ३ ची चाकासारखी लोळवत नेली तरी वळणावर ४ फूट लागतात. आणि गच्चीचे दार अडीच फुटी असेल, जसे बहुतेक घरांत असते, तर दोन्हींपैकी एकही जात नाही. तेव्हा जुनी टाकी वर कशी गेली होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. बाहेरून दोर लावून ओढली असेल तर त्या बाजूला आता विजेच्या तारा आल्या आहेत का तेही बघा. आल्या असतील तर पत्रा सुटा वर नेऊन गच्चीवरच वेल्डिंग करून द्यायला सांगा. मजुरी थोडी वाढेल.